डेटा फोल्डर बदलताना शेअरच्या नोंदी शाबूत कशा न्याव्यात: तारीख, भाव आणि लॉटसकट

आमच्या नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या घरी संगणकात शेअरच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचा २०१० पासून एकच डेटा फोल्डर होता. त्या वर्षी कोल इंडिया आणि मॉइल या दोन्ही सरकारी कंपन्यांचे शेअर बाजारात आले. कोल इंडियाच्या वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स) या उपकंपनीचं मुख्यालय नागपुरात, मॉइलचंही नागपुरात, त्यामुळे ओळखीपाळखीच्या निम्म्या घरांनी अर्ज भरले होते. बाबांनीही भरले आणि तेव्हापासून प्रत्येक व्यवहार त्या एका फोल्डरमध्ये जात राहिला. पुढे आईचं डिमॅट उघडलं, मग माझं. नोंदी मात्र सगळ्यांच्या तिथेच.

बाबा गेले त्या वर्षी तिघांचे रिटर्न वेगवेगळे भरायची वेळ आली. आमच्या सीएंनी फोल्डर उघडून पाहिला आणि एवढंच म्हणाले, "आधी पॅनप्रमाणे वेगळं करा, मग माझ्याकडे या." तीन रविवार लागले. पहिला रविवार पूर्ण वाया गेला, कारण मी शेअरची संख्या हलवली आणि इतिहास मागेच राहिला. पडद्यावर आकडे बरोबर दिसत होते, पण प्रत्येक शेअरची खरेदी तारीख 'आज' झाली होती.

गुंतवणुकीच्या नोंदी ठेवणाऱ्या बहुतेक डेस्कटॉप प्रोग्रॅमना ही पद्धत चालेल. बटणांची नावं वेगळी असतील, क्रम हाच ठेवा.

आधी ठरवा, नेमकं काय हलवायचं आहे

तीन परिस्थिती असतात आणि त्या एकमेकींत मिसळल्या की घोळ होतो. पहिली: मालक तोच आहे, फक्त फोल्डरची मांडणी बदलायची आहे. दुसरी: आईच्या डिमॅटमधले शेअर चुकून बाबांच्या फोल्डरमध्ये नोंदले गेले आहेत. तिसरी: शेअर खरोखरच एका नावावरून दुसऱ्या नावावर गेले आहेत, वारशाने किंवा भेट म्हणून.

पहिल्या दोन परिस्थितींत कोणताही व्यवहार झालेला नाही. म्हणून जुन्या फोल्डरमध्ये 'विक्री' आणि नव्या फोल्डरमध्ये 'खरेदी' अशी नोंद कधीही करू नका. सोपं वाटतं म्हणून बरेच जण हेच करतात. त्यातून एका बाजूला न झालेला नफा अहवालात येतो आणि दुसऱ्या बाजूला धारण कालावधी शून्यापासून मोजला जातो. चौदा वर्षं सांभाळलेला शेअर पुढच्या महिन्यात विकला तर प्रोग्रॅम तो अल्पकालीन नफा दाखवेल, कारण सूचीबद्ध शेअरला दीर्घकालीन ठरायला बारा महिन्यांहून जास्त काळ लागतो आणि तो काळ तुम्ही स्वतःच पुसलेला असतो.

उलट बाजूही लक्षात असू द्या. नोंद दुसऱ्या फोल्डरमध्ये गेली म्हणून शेअरचा मालक बदलत नाही. मालक डिमॅट खात्याने ठरतो. कोणता शेअर कुणाच्या फोल्डरमध्ये जाणार हे आठवणीवरून ठरवू नका. डिमॅट खाती सांभाळणाऱ्या एनएसडीएल किंवा सीडीएसएल या संस्थांकडून ईमेलवर एकत्रित खाते विवरण येतं, ते समोर ठेवून शेअरच्या नावापुढे मालकाचं नाव लिहून काढा. आमच्या घरी चार शेअर असे निघाले की जे आई स्वतःचे समजत होती आणि होते माझे.

फाइल उचलून दुसरीकडे ठेवू नका

डेटा फोल्डर उघडला की आत छोट्या छोट्या फाइली दिसतात आणि वाटतं, हवी ती फाइल कॉपी करावी, नव्या फोल्डरमध्ये पेस्ट करावी, झालं. असं का होत नाही, हे कळलं तर मोह आपोआप जातो.

मेटास्टॉक या शेअरचे आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅमची जुनी रचना याचं स्पष्ट उदाहरण आहे. भावांचा इतिहास एफ१, एफ२, एफ३ अशा क्रमांकाच्या फाइलींत असतो आणि कोणता क्रमांक कोणत्या शेअरचा हे 'मास्टर' नावाच्या वेगळ्या सूचीत लिहिलेलं असतं. त्या सूचीत एका फोल्डरपुरते २५५ शेअरच मावतात. आता तुम्ही एफ७ ही फाइल उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकली, तर तिथल्या सूचीला ती कुणाची हे माहीतच नसतं. आणि तिथे आधीपासून एफ७ असेल, तर भलत्याच शेअरचा डेटा पुसला जातो. पोर्टफोलिओच्या प्रोग्रॅममध्ये तर गुंता आणखी मोठा: व्यवहार एका फाइलीत, शेअरचं नाव दुसरीत, बँक खात्यातली रोकड तिसरीत, आणि सगळ्यांना बांधणारे अंतर्गत क्रमांक.

पूर्ण फोल्डर जसाच्या तसा दुसऱ्या जागी नेणं वेगळं. ते प्रोग्रॅम बंद करून बिनधास्त करता येतं. त्यातला एखादाच शेअर काढायचा असेल, तर ते काम प्रोग्रॅमकडूनच करून घ्यावं लागतं.

बॅकअप, आणि तो उघडतो का हे पाहणं

कामाची वेळ सकाळची ठेवा. मे महिन्यात दुपारी आमच्याकडे कूलरच्या लोडने दिवे मंद होतात आणि जूनच्या पहिल्या वादळात लाइट हमखास जाते. सूची अर्धवट लिहिली जात असताना संगणक बंद पडला तर दोन्ही फोल्डर बिघडू शकतात. इन्व्हर्टर किंवा यूपीएस असेल तर संगणक त्यावरच घ्या. लॅपटॉप असेल तर चार्ज पूर्ण करा.

प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये जाऊन सध्या वापरात असलेल्या डेटा फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहून घ्या. ही पायरी क्षुल्लक वाटते, पण जुन्या संगणकावर त्याच नावाचे दोन-तीन फोल्डर असतात, एक डेस्कटॉपवर, एक डॉक्युमेंट्समध्ये, एक कधीतरी घेतलेली प्रत. जिवंत कोणता हे फक्त सेटिंगच सांगते. फोल्डर वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हमध्ये असेल तर काम होईपर्यंत सिंक थांबवा, नाहीतर अर्धवट फाइली वर जातात आणि नंतर त्याच खाली परत येतात.

मग प्रोग्रॅम बंद करून दोन्ही फोल्डरांची प्रत घ्या, नावात तारीख घाला, आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. त्यानंतर प्रोग्रॅमला ती प्रत उघडायला सांगा. उघडून शेअर दिसले तरच तो बॅकअप समजायचा. पाहणं झालं की पुन्हा मूळ फोल्डर उघडा आणि पत्ता वाचून खात्री करा. मी एकदा तासभर प्रतीवरच काम करत होते.

'आधी'चे आकडे कागदावर

हलवायच्या प्रत्येक शेअरसाठी पाच गोष्टी लिहून घ्या: आजची संख्या, एकूण खरेदी किंमत, नोंदींची एकूण संख्या, पहिल्या खरेदीची तारीख आणि आतापर्यंत मिळालेला लाभांश. आधी काही शेअर विकले असतील तर झालेला नफा-तोटा ही सहावी. हाच कागद शेवटी पडताळणीला लागणार आहे, तेव्हा तो खरोखर कागदावरच असू द्या.

हे करताना जुन्या चुका सापडतील. आमच्याकडे कोल इंडियाची खरेदी २४५ रुपयांनी नोंदलेली होती. इश्यूचा भाव २४५च होता, पण किरकोळ अर्जदारांना ५ टक्के सूट होती, म्हणजे बाबांना शेअर पडला २३२.७५ रुपयांना. लगेच दुरुस्त करावंसं वाटतं. तसं करू नका. चूक कागदावर टिपून ठेवा आणि स्थलांतर पूर्ण झाल्यावर दुरुस्त करा. हलवणं आणि सुधारणं एकाच वेळी केलं, तर शेवटी आकडा जुळला नाही की फरक कुठून आला हे शोधता येत नाही.

दोन्ही फोल्डर एकाच भाषेत बोलतात का?

नवा फोल्डर बनवताना चलन रुपया आहे ना, विक्रीसाठी 'आधी आलेले आधी गेले' हीच पद्धत निवडली आहे ना, हे बघा. डिमॅटमधल्या शेअरसाठी आयकर हाच क्रम मानतो. सरासरी भावाची पद्धत चुकून निवडली गेली असेल तर नफ्याचे सगळे आकडे बदलतील.

तारखेच्या मांडणीवर मात्र थांबून लक्ष द्या. आपण दिवस-महिना-वर्ष लिहितो; परदेशी प्रोग्रॅम नव्या फोल्डरमध्ये महिना-दिवस-वर्ष धरू शकतो. ०३/०१/२०१८ म्हणजे आपल्यासाठी ३ जानेवारी, त्याच्यासाठी १ मार्च. हा दोन महिन्यांचा फरक साधा नाही. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या सूचीबद्ध शेअरना त्या दिवशीच्या सर्वोच्च भावाचा आधार मिळतो: करासाठी खरेदी किंमत ठरवताना तो भाव आणि विक्रीचा भाव यांतला कमी तो घ्यायचा, आणि मूळ खरेदी व हा आकडा यांतला जास्त तो धरायचा. तारीख मार्चमध्ये गेली की हा आधारच जातो. आणि ही चूक दिसतही नाही. २५/०१/२०१८ सारख्या तारखा प्रोग्रॅमला वाचताच येत नाहीत, त्यामुळे तो त्यांच्यावर आक्षेप घेतो. १२ किंवा त्याहून लहान दिवसांच्या तारखा मात्र मुकाट उलटतात.

शेअरची ओळख नावाने जुळवू नका, आयसिन क्रमांकाने (प्रत्येक शेअरला दिलेल्या स्वतंत्र ओळख क्रमांकाने) जुळवा. एका फोल्डरमध्ये मुंबई बाजाराचा सहा आकडी कोड असतो, जसा मॉइलचा ५३३२८६, दुसऱ्यात राष्ट्रीय बाजाराचं अक्षरी चिन्ह. प्रोग्रॅमला ते दोन वेगळे शेअर वाटतात. दर्शनी किंमत (शेअरवर छापलेली मूळ किंमत) बदलली की आयसिनही बदलतो, तेव्हा स्प्लिट झालेल्या, म्हणजे एकाचे अनेक तुकडे झालेल्या, शेअरचा नवा क्रमांक विवरणातून घ्या.

पहिला शेअर, चाचणीचा

दोन-तीनच नोंदी असलेला, बोनस (कंपनीने फुकट दिलेले जादा शेअर) किंवा स्प्लिट न झालेला एखादा साधा शेअर निवडा. प्रोग्रॅममध्ये शेअर दुसऱ्या फोल्डरमध्ये 'कॉपी' किंवा 'मूव्ह' करण्याची आज्ञा असेल तर तीच वापरा, आणि दोन्ही असतील तर कॉपी. मूव्हमध्ये मूळ नोंद लगेच पुसली जाते. कॉपी करून, तपासून, मग स्वतःच्या हाताने जुनी नोंद काढण्यात वेळ थोडा जास्त जातो, पण मागे फिरायला जागा राहते.

तशी आज्ञा नसेल तर एक्सपोर्ट-इम्पोर्टचा मार्ग. जुन्या फोल्डरमधून त्या शेअरचे सर्व व्यवहार सीएसव्ही फाइलीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत) काढा. निवड करताना 'सध्याची शिल्लक' नाही, 'सर्व व्यवहार' निवडा. माझा पहिला रविवार याच एका निवडीमुळे गेला: शिल्लक म्हणजे आजची संख्या आणि सरासरी भाव, त्यात एकही मूळ तारीख नसते.

ती फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करायचं टाळा. एक्सेल संख्येचे पंधराच अंक सांभाळतो. सीडीएसएलचा खाते क्रमांक सोळा आकडी असतो. सेव्ह केलं की शेवटचा आकडा शून्य होतो. तारखाही तो आपल्या मर्जीने बदलतो, आणि मराठीत लिहिलेल्या टिपांची प्रश्नचिन्हं होऊ शकतात. पाहायचंच असेल तर नोटपॅडमध्ये पाहा. बदल करणं भागच असेल तर एक्सेलमध्ये फाइल 'डेटा' मेन्यूतून आत घ्या आणि खाते क्रमांक व तारखेचे रकाने 'मजकूर' म्हणून ठरवा.

इम्पोर्ट केल्यावर कागदावरचे पाच आकडे जुळवा. जुळले की पुढचा शेअर. दहा-दहा शेअर एकदम घ्यायची घाई पहिल्या दिवशी तरी नको.

बोनस आणि स्प्लिट: खरा वेळ इथे लागतो

बाबांचे मॉइलचे ३४ शेअर होते, सूट धरून ३५६.२५ रुपयांचे, एकूण १२,११२.५० रुपये. २०१७ साली कंपनीने एकास एक बोनस दिला, शेअर झाले ६८. जुन्या फोल्डरमध्ये बोनस 'शून्य भावाची खरेदी' म्हणून लिहिला होता. नव्या फोल्डरमध्ये घेताना प्रोग्रॅमने शून्य भाव म्हणजे चूक समजून ती ओळ न सांगता गाळली. पडद्यावर पुन्हा ३४. अशा वेळी एक पैसा भाव टाकून ओळ ढकलू नका. नव्या फोल्डरमध्ये 'बोनस' हा व्यवहाराचा प्रकार निवडून ती नोंद हाताने घाला. तारीख बोनस जमा झाल्याचीच हवी, मूळ खरेदीची नको. बोनसचा खर्च शून्य धरतात, पण तो जानेवारी २०१८ च्या आधीचा असल्यामुळे ३१ जानेवारीच्या भावाचा आधार त्यालाही मिळतो, म्हणून ती तारीख मोलाची.

स्प्लिटमध्ये उलटा धोका, आकडा फुगण्याचा. आपल्या नागपूरच्याच सोलार इंडस्ट्रीजचं उदाहरण घ्या. २०१६ मध्ये १० रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे २ रुपयांचे पाच झाले. आधीचे ४० असतील तर नंतर २००. काही प्रोग्रॅम एक्सपोर्ट करताना जुन्या खरेदीची संख्या आधीच पाचपट करून देतात आणि वर स्प्लिटची ओळही देतात. इम्पोर्ट करताना प्रोग्रॅम प्रामाणिकपणे पुन्हा पाचाने गुणतो आणि हजार शेअर दाखवतो. फाइलीत मूळ खरेदीची ओळ वाचा: तिथे ४० असेल तर स्प्लिटची ओळ ठेवा, २०० असेल तर काढा.

ओळींचा क्रम जुन्याकडून नव्याकडे हवा. स्प्लिटची ओळ खरेदीच्या आधी वाचली गेली तर ती शून्य शेअरांवर लागू होते आणि काहीच घडत नाही.

ज्यांना जोडीने न्यावं लागतं

विलीनीकरण आणि विभाजन झालेले शेअर एकटे हलवले की त्यांचा मागचा धागा तुटतो. एचडीएफसी १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी बँकेत विलीन झाली, २५ शेअरांमागे बँकेचे ४२. म्हणजे १०० चे १६८. या १६८ ची किंमत आणि तारीख दोन्ही जुन्या एचडीएफसीच्या खरेदीवरून येतात. आता यादीत न दिसणारी जुनी एचडीएफसी तुम्ही मागे ठेवली, तर बँकेच्या शेअरांना मूळच उरत नाही. प्रोग्रॅममध्ये 'बंद झालेले शेअरही दाखवा' हा पर्याय चालू करा, आधी जुनी कंपनी न्या, मग नवी, आणि मग विलीनीकरणाची नोंद.

रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हा, जुलै २०२३ मध्ये, खरेदी किंमत ९५.३२ आणि ४.६८ टक्के अशी वाटली गेली. रिलायन्सची एकूण खरेदी एक लाखाची असेल तर ९५,३२० तिकडे आणि ४,६८० इकडे. दोन्ही शेअर नव्या फोल्डरमध्ये आल्यावर त्यांची बेरीज पुन्हा बरोबर एक लाख येते का पाहा. एक लाख ४,६८० आली तर रिलायन्समधून वजावट व्हायची राहिली आहे. आयटीसी आणि आयटीसी हॉटेल्ससारख्या जोड्यांनाही हाच नियम.

पूर्ण विकून टाकलेले शेअरही न्या. त्यांतला तोटा आठ आकारणी वर्षांपर्यंत पुढे ओढता येतो, आणि त्याचा हिशोब मागितला तर नोंद त्या व्यक्तीच्या फोल्डरमध्येच असायला हवी.

बाबांच्या नावावरून आईच्या नावावर

ही तिसरी परिस्थिती, आणि इथे नोंद खरंच बदलते. वारशाने आलेल्या शेअरवर हस्तांतराच्या वेळी भांडवली नफा होत नाही. पुढे विकताना आधीच्या मालकाची खरेदी किंमत आणि त्याचा धारण कालावधी धरला जातो. म्हणून बाबांच्या फोल्डरमध्ये शेअर 'विक्री'ने नाही, 'बाहेर दिले' या प्रकाराने काढायचे. पोर्टफोलिओ परफॉर्मन्ससारख्या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी वेगळा व्यवहार असतो. आईच्या फोल्डरमध्ये ते 'आत आले' म्हणून घालायचे, आणि प्रत्येक लॉट वेगळा.

लॉट वेगळा म्हणजे असं: बाबांनी एखादा शेअर २०११, २०१४ आणि २०१९ मध्ये थोडा थोडा घेतला असेल, तर आईकडे तीन ओळी येतील, तीन मूळ तारखांच्या आणि तीन मूळ भावांच्या. एका ओळीत सरासरी करून टाकलं तर २०१८ च्या आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते हे कायमचं हरवतं. शेअर आईच्या डिमॅटमध्ये प्रत्यक्ष जमा झाल्याची तारीख टिपेच्या रकान्यात लिहा. लाभांश त्या तारखेच्या दोन्ही बाजूंना ज्याचा त्याच्या फोल्डरमध्ये राहू द्या.

बाबांचा फोल्डर यानंतर रिकामा दिसेल. तो पुसू नका. त्यांच्या शेवटच्या वर्षाचं रिटर्न त्यातूनच भरायचं असतं.

रोकड, भाव आणि जोडलेल्या फाइली

जुन्या फोल्डरमधून खरेदीची नोंद काढली की प्रोग्रॅम त्या खरेदीचे पैसे बँक खात्यात परत आल्याचं दाखवतो. आमच्याकडे एका दुपारीत बाबांच्या खात्यात साडेचार लाख 'आले' होते. प्रत्येक शेअर काढल्यावर रोकडीची शिल्लक बघा आणि फरकाची एक समायोजन नोंद टाका. नव्या फोल्डरमध्ये याच्या उलट, खातं उणे जाईल. तिथे सुरुवातीची रक्कम जमा दाखवा.

रोजचे जुने भाव हलवत बसू नका, ते नव्याने डाउनलोड होतात. फक्त ३१ जानेवारी २०१८ चा हाताने भरलेला भाव वेगळा तपासा, कारण डाउनलोडमध्ये बहुधा दिवसाचा बंद भाव येतो आणि आपल्याला लागतो सर्वोच्च. कॉन्ट्रॅक्ट नोटच्या (ब्रोकर देतो त्या व्यवहाराच्या पावतीच्या) पीडीएफ जोडल्या असतील तर त्या नव्या फोल्डरशेजारी नेऊन एकेक दुवा उघडून पाहा.

जुनी नोंद कधी काढायची

त्याच दिवशी नाही. आम्ही पुढच्या महिन्याचं एकत्रित विवरण येईपर्यंत थांबलो. तोपर्यंत जुन्या फोल्डरच्या नावापुढे 'वापरू नये' असं लिहून ठेवलं, म्हणजे आई किंवा मी चुकून नवा लाभांश तिथे नोंदणार नाही. विवरण आल्यावर तिन्ही फोल्डरांतली संख्या शेअरमागून शेअर जुळवली. ४१ पैकी ३९ जुळले. उरलेल्या दोनांत एक बोनस राहिला होता आणि एक स्प्लिट दोनदा लागला होता. ते दुरुस्त केले, कागदावर टिपलेल्या जुन्या चुका, त्या २४५ रुपयांसकट, एकेक करून सुधारल्या, आणि मगच मूळ फोल्डरमधून आईच्या आणि माझ्या नोंदी काढल्या. तारखेची प्रत असलेला पेनड्राइव्ह आता बाबांच्या जुन्या शेअर सर्टिफिकेटांच्या फायलीत आहे.